मॅनेजमेंट सायन्स आणि क्वांटिटेटिव्ह मेथड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयाच्या ट्यूटोरियल्स घ्यायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येत राहतात. ॲडमिशनच्या आधी एक लॉट येतो, मिडटर्मच्या आठवड्यात दुसरा आणि प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री तिसरा. सगळे इथे एकत्र टाकलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा आहे, म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मॅनेजमेंट सायन्स म्हणजे मॅनेजमेंटचाच कोर्स ना? मग एवढं गणित कशाला?

नावामुळे फसायला होतं खरं. लीडरशिप, टीमवर्क, भाषण कसं करावं वगैरे यात नाही. किती माल साठवायचा, कुठल्या शिफ्टला किती माणसं लावायची, कुठली गाडी कुठल्या रस्त्याने पाठवायची असले निर्णय गणिताचं मॉडेल बांधून घेणं, हा यातला अभ्यास.

सुरुवात लष्करातून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास ब्रिटनमधे रडार नवीन होतं आणि ते वापरायचं कसं हे ठरवायला शास्त्रज्ञांना बसवलं. पॅट्रिक ब्लॅकेट हे त्यातलं मोठं नाव, माणूस मूळचा भौतिकशास्त्राचा. मालवाहू जहाजांचे ताफे लहान असावेत की मोठे हा त्यांच्यासमोरचा एक प्रश्न होता. जहाजं वाढली की ताफ्याचा घेर त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे तेवढ्याच संरक्षक नौकांमधे जास्त जहाजं राखता येतात, म्हणून मोठे ताफे बरे. एवढासा युक्तिवाद, पण अंदाजाने ठरवणाऱ्यांना तो सुचला नव्हता. युद्धानंतर हीच पद्धत कारखान्यात, टेलिफोन कंपन्यांत आणि एअरलाइन्समधे शिरली.

२. ऑपरेशन्स रिसर्च, मॅनेजमेंट सायन्स, डिसिजन सायन्स, बिझनेस ॲनालिटिक्स... यात फरक काय? कुठलं नाव बघून ॲडमिशन घेऊ?

पहिल्या तीन नावांत फरक बराचसा डिपार्टमेंटच्या पत्त्याचा आहे. इंजिनिअरिंगमधे असेल तर ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात, बिझनेस स्कूलमधे असेल तर मॅनेजमेंट सायन्स. अमेरिकेत यांच्या दोन वेगळ्या संस्था होत्या, एक १९५२ ची आणि एक १९५३ ची, आणि १९९५ मधे त्या एकत्र होऊन इन्फॉर्म्स झाली, म्हणजे त्यांनाही शेवटी वेगळं राहण्यात अर्थ वाटला नाही. ॲनालिटिक्समधे डेटा साफ करणं, चार्ट, प्रेडिक्शन यावर भर जास्त आणि ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर काढण्यावर, कमी. क्वांटिटेटिव्ह मेथड्स ही छत्री आहे, तिच्याखाली प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स, रिग्रेशन, लिनियर प्रोग्रॅमिंग (सरळ रेषेच्या समीकरणांत आणि असमानतांत मांडलेलं ऑप्टिमायझेशन) सगळं येतं.

नाव बघूच नका, कोर्सची यादी बघा. ऑप्टिमायझेशनचे निदान दोन पेपर, प्रॉबॅबिलिटीचा एक स्वतंत्र पेपर आणि सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर परिस्थिती पुन्हा पुन्हा चालवून बघणं) असेल तर तो खरा मॅनेजमेंट सायन्सचा प्रोग्रॅम. नुसतेच डॅशबोर्डचे कोर्स दिसले तर समजा काय ते.

३. माझं गणित कच्चं आहे, कॉमर्स/आर्ट्समधून येतोय. जमेल का?

जमेल, पण कुठलं गणित कच्चं आहे ते आधी बघा. लागतं ते असं: बीजगणित अगदी हातात बसलेलं, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि समीकरणं सोडवणं, डेरिव्हेटिव्ह घेऊन मिनिमम काढता येणं, आणि संभाव्यता. अवघड इंटिग्रल्स वगैरे पहिल्या दोन वर्षांत फारसे येत नाहीत.

मुलं अडकतात ती कॅल्क्युलसला नाही, असमानतेला. "कमीत कमी", "जास्तीत जास्त", "दुप्पटीपेक्षा जास्त नको" असली वाक्यं वाचून चिन्ह कुठल्या बाजूला तोंड करणार हे पटकन कळलं पाहिजे. "टेबलांची संख्या खुर्च्यांच्या दुपटीपेक्षा जास्त नको" हे एक वाक्य वर्गात दिलं तर बरेच जण २ चुकीच्या बाजूला लावतात, आणि त्यात गणितात चांगले मार्क असलेलेही असतात. सुट्टीत तयारी करायची असेल तर अशी वाक्यं चिन्हांत लिहायचा सराव करा, सूत्रं पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

४. पहिल्या वर्षी साधारण काय काय असतं?

बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स १, कॅल्क्युलस किंवा बिझनेस मॅथ्स, थोडं प्रोग्रॅमिंग, आणि मॅनेजमेंट सायन्सची ओळख करून देणारा एक पेपर. ओळखीच्या पेपरात लिनियर प्रोग्रॅमिंग, ट्रान्स्पोर्टेशन, डिसिजन ट्री, इन्व्हेंटरी, थोड्या रांगा असं सगळं थोडं थोडं चाखायला देतात. हा पेपर सोपा वाटतो आणि म्हणून लोक हलक्यात घेतात. पुढचा प्रत्येक कोर्स त्यातल्याच एका प्रकरणाचा असतो हे नंतर कळतं.

५. लेक्चरला तीनशे-चारशे मुलं असतात, प्रोफेसरना नावही माहीत नसतं. अशात शिकायचं कसं?

मोठ्या युनिव्हर्सिटीत लेक्चर हे वेळापत्रकासारखं वापरा, म्हणजे या आठवड्यात काय आहे ते कळण्यासाठी. शिकणं होतं ते ट्यूटोरियलमधे आणि प्रॉब्लेम शीटवर. ट्यूटोरियलला शीट न सोडवता गेलात तर तो तास फुकट. अर्धवट सोडवून, नक्की कुठल्या ओळीला अडकलो ते घेऊन जा.

ऑफिस अवर्सचं सांगतो. मिडटर्मच्या आदल्या दिवशी दाराबाहेर लाइन लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे चिटपाखरू नसतं. तेव्हा जा. आणि "मला ड्युॲलिटी कळली नाही" असं मोघम विचारू नका, कारण मग समोरचा पुन्हा पहिल्यापासून लेक्चर देतो. "हा कन्स्ट्रेंट (म्हणजे अट) बरोबर-चिन्हाचा आहे तर याचा ड्युअल व्हेरिएबल निगेटिव्ह कसा चालतो" असं विचारलंत तर पाच मिनिटांत काम होतं. पुढे रेकमेंडेशन लेटर लागणार असेल तर असंच कोणीतरी तुम्हाला नावाने ओळखायला लागतं, दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

६. सोडवलेलं उदाहरण कळतं, पण पेपरात शब्दांतला प्रॉब्लेम आला की फॉर्म्युलेशनच (म्हणजे गणिताचं मॉडेल मांडणं) सुचत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि माझ्या मते या विषयातलं खरं अवघड तेवढंच आहे. बाकीचं मशीन करतं. म्हणून जरा सविस्तर.

समजा एक हेल्पडेस्क चोवीस तास चालतो. दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग केलेत. मध्यरात्री १२ ते ४ ला ६ माणसं लागतात, ४ ते ८ ला ४, सकाळी ८ ते १२ ला १४, दुपारी १२ ते ४ ला ११, ४ ते ८ ला १६, रात्री ८ ते १२ ला ९. प्रत्येक माणूस सलग आठ तास काम करतो. कमीत कमी किती माणसं लागतील?

जवळजवळ सगळे पहिला व्हेरिएबल असा घेतात: "त्या भागात हजर असलेली माणसं". आणि तिथेच गाडी अडते, कारण तोच माणूस दोन भागांत मोजला जातो आणि आठ तासांची अट लिहिताच येत नाही. व्हेरिएबल घ्यायचा "त्या भागाच्या सुरुवातीला कामावर रुजू होणारी माणसं". मग कुठल्याही भागात हजर कोण? आत्ता आलेले आणि मागच्या भागात आलेले. झालं, प्रत्येक भागासाठी एक ओळ: मागचे + आत्ताचे, हे गरजेइतके किंवा जास्त. सहा व्हेरिएबल, सहा कन्स्ट्रेंट, आणि सहांची बेरीज मिनिमाइज.

आता उत्तराचा अंदाज हाताने घ्या. गरजांची बेरीज ६०, प्रत्येक माणूस दोन भाग भरतो, म्हणून ३० माणसं पुरतील असं वाटतं. पण पहिला, तिसरा आणि पाचवा कन्स्ट्रेंट एकत्र केले तर त्यात सहाही व्हेरिएबल एकेकदाच येतात आणि उजवीकडे ६ + १४ + १६ = ३६. म्हणजे ३६ च्या खाली जाताच येत नाही, आणि ३६ मधे बसतंही.

तर सवय अशी लावा. कागदावर आधी एकच वाक्य लिहा: "मला नक्की काय ठरवायचंय?" जे ठरवता ते व्हेरिएबल, जे त्यातून आपोआप ठरतं ते व्हेरिएबल नाही. रुजू किती होणार हे मॅनेजर ठरवतो, हजर किती असतील हे त्यातून निघतं. प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढे एकक लिहा, माणसं, तास, किलो, जे असेल ते. आणि कन्स्ट्रेंटच्या दोन्ही बाजूंची एककं जुळत नसतील तर तो कन्स्ट्रेंट चुकलाय, बघायचीही गरज नाही.

७. माझं आणि मैत्रिणीचं उत्तर वेगळं आलं, पण दोघींनाही पूर्ण मार्क. असं कसं?

टोटल तेच आलं असेल, वाटणी वेगळी. वरच्या हेल्पडेस्कचंच बघा (प्रश्न ६). मध्यरात्री ६, सकाळी ८ ला १४ आणि दुपारी ४ ला १६ असे तीनच वेळा लोक बोलावले तरी ३६ मधे भागतं. आणि मध्यरात्री ४, सकाळी ८ ला १४, दुपारी १२ ला ७, दुपारी ४ ला ९, रात्री ८ ला २ असं केलं तरी ३६ च. दोन्ही ऑप्टिमल. सॉल्व्हर (मॉडेल सोडवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं एक काढून देतो, "बाकीचीही आहेत बरं का" असं सांगत नाही. प्रत्यक्षात मॅनेजरला तीन शिफ्टवालं आवडणार हे उघड आहे, पण ते मॉडेलमधे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रिपोर्ट लिहिताना दुसरी ऑप्टिमल उत्तरं आहेत का हे तपासून एक ओळ टाकलीत तर तपासणारा खूश होतो.

८. सॉल्व्हर सेकंदात उत्तर देतो, मग सिम्प्लेक्स हाताने का करायला लावतात?

आधी जरा कल्पना यावी म्हणून. जॉर्ज डँटझिगनी १९४७ मधे सिम्प्लेक्स पद्धत काढली, म्हणजे अटींत बसणाऱ्या उत्तरांच्या क्षेत्राच्या कोपऱ्याकोपऱ्याने जात सगळ्यात चांगलं उत्तर शोधायची पद्धत, आणि तिची पहिली मोठी चाचणी एका आहाराच्या प्रॉब्लेमवर झाली, ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक, कमीत कमी खर्चात वर्षभराची गरज भागवायची. टेबलावरचे कॅल्क्युलेटर घेऊन नऊ क्लार्क बसले आणि साधारण १२० मनुष्यदिवस गेले. उत्तर आलं वर्षाला ३९.६९ डॉलर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलरनी १९४५ मधे नुसत्या अंदाजाने आणि युक्तीने काढलं होतं ३९.९३. म्हणजे २४ सेंटचा फरक!

आज हेच कुठलाही लॅपटॉप चुटकीसरशी करतो. तरी दोन-तीन टॅब्लो (एकेका पायरीचे तक्ते) हाताने करण्यात फायदा आहे, कारण पिव्हट करताना, म्हणजे एका तक्त्यावरून पुढच्यावर जाताना, रिड्यूस्ड कॉस्ट (उत्तरात नसलेला व्हेरिएबल एकने वाढवला तर टोटल किती बदलते), स्लॅक (अटीत उरलेली मोकळी जागा), शॅडो प्राइस (प्रश्न ९) हे आकडे कुठून येतात ते दिसतं आणि मग रिपोर्ट वाचता येतो. त्यापुढे दहा-दहा टॅब्लो करायला लावणं ही माझ्या मते शिक्षा आहे, पण परीक्षेत असेल तर करावं लागतं, इलाज नाही.

आणि सिम्प्लेक्स हा एकमेव रस्ता नाही. क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मधे असा मुद्दाम बनवलेला प्रॉब्लेम दाखवला की त्यात सिम्प्लेक्स प्रत्येक कोपऱ्याला भेट देत बसते. १९८४ मधे बेल लॅब्जमधे असलेल्या नरेंद्र करमरकरांनी आतून जाणारी पद्धत मांडली, कोपऱ्याकोपऱ्याने न फिरता क्षेत्राच्या मधून वाट काढणारी. आजचे मोठे सॉल्व्हर दोन्ही प्रकार ठेवतात.

९. शॅडो प्राइसची व्याख्या पाठ आहे, अर्थ कळत नाही.

व्याख्या सोडा, हेल्पडेस्कवर परत या. संध्याकाळी ४ ते ८ ची गरज १६ ची १७ केली तर एकूण ३६ चे ३७ होतात. म्हणजे त्या कन्स्ट्रेंटची शॅडो प्राइस १. दुपारी १२ ते ४ ची गरज ११ ची १२ केली तर? ३६ च. १५ केली तर? ३६ च. अगदी २३ पर्यंत नेली तरी माणसं फक्त इकडची तिकडे होतात, एकूण ३६ च राहतात. त्याची शॅडो प्राइस ० आणि ती २३ पर्यंत टिकते. २४ केलीत की मात्र एक माणूस वाढतो.

आता हे मॅनेजरच्या भाषेत सांगा: दुपारची सर्व्हिस सुधारायला एकही जादा माणूस लागत नाही, संध्याकाळची सुधारायची तर प्रत्येक जागेमागे एक पूर्ण माणूस. पगाराचं बिल बघणाऱ्याला हीच माहिती हवी असते, ३६ हा आकडा त्यामानाने कमी कामाचा. परीक्षेत मार्क जातात ते रेंज न बघता "गरज १०० ने वाढवली तर टोटल शॅडो प्राइसच्या १०० पट वाढेल" असं ठोकून दिल्यामुळे.

१०. सॉल्व्हर "इन्फीझिबल" म्हणतो. आता?

सगळ्या अटी एकाच वेळी पाळणं शक्य नाही असं तो म्हणतोय. निम्म्या वेळा टायपिंगची चूक असते, चिन्ह उलटं किंवा एक शून्य जास्त. ते नसेल तर कन्स्ट्रेंट एकेक करून काढा आणि कुठला काढल्यावर चालतं ते बघा. दुसरी युक्ती म्हणजे संशयित कन्स्ट्रेंटमधे एक "तूट" व्हेरिएबल घाला आणि ऑब्जेक्टिव्हमधे (जे मिनिमाइज करायचंय त्यात) त्याला जबरी दंड लावा, मग सॉल्व्हर स्वतःच दाखवतो कुठे किती कमी पडतंय.

"अनबाउंडेड" (उत्तराला मर्यादाच नाही) आलं तर उलटं, काहीतरी लिहायचं राहिलंय. बहुतेक वेळा व्हेरिएबल शून्यापेक्षा कमी नको ही अट.

११. उत्तर २.८ मशीन आलं. राउंड करून ३ लिहू का?

थांबा. छोटं उदाहरण: बजेट १४. ए मशीनची किंमत ५ आणि फायदा ८, बी ची किंमत ७ आणि फायदा ११. अपूर्णांक चालत असतील तर उत्तर २.८ ए मशीन, फायदा २२.४, आणि बी एकही नाही. वर राउंड केलं तर ३ ए, किंमत १५, बजेटबाहेर. खाली केलं तर २ ए, फायदा १६. आणि खरं पूर्णांकातलं उत्तर आहे २ बी, फायदा २२. म्हणजे जे मशीन पहिल्या उत्तरात अजिबात नव्हतं तेच दोन घ्यायचेत.

आकडे मोठे असतील, म्हणजे २,८४३.७ पोती वगैरे, तर राउंड करा बिनधास्त, फक्त अटी मोडत नाहीत ना ते बघा. मशीन, गोदाम, माणूस, हो/नाही असले निर्णय असतील तर इंटिजर प्रोग्रॅमिंगच (पूर्णांकच उत्तर मागणारं मॉडेल) लागतं. ब्रँच अँड बाउंड ही त्यासाठीची पद्धत १९६० ची, एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींची.

१२. रांगांच्या चॅप्टरमधे सूत्रं फार आहेत. पाठ करायची का?

लिटलचा नियम पक्का करा, बाकी बरंच त्यातून निघतं. सिस्टीममधली सरासरी माणसं = येण्याचा दर × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. तासाला १२ जण येतात आणि प्रत्येक जण २० मिनिटं थांबतो, तर कुठल्याही क्षणी सरासरी ४ जण आत. हा नियम रांग कशी आहे, सर्व्हिस कशी आहे याची फिकीर करत नाही, आणि त्याची सिद्धता १९६१ ची आहे.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे गर्दी सरळ रेषेत वाढत नाही. एकच काउंटर, येणंही यादृच्छिक आणि सर्व्हिसही, असं साधं मॉडेल घ्या. काउंटर ८०% वेळ बिझी असेल तर सरासरी ४ जण, ९०% ला ९, आणि ९५% ला १९. म्हणून "आपला स्टाफ ९५% बिझी असतो" हे अभिमानाने सांगणाऱ्या मॅनेजरच्या दारात रांग का असते ते कळतं.

१३. पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे माझं म्हणणं ९७% खरं, बरोबर?

नाही. पी-व्हॅल्यू सांगते की काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून टोकाचा डेटा दिसण्याची शक्यता ३%. तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता हा वेगळाच आकडा आहे आणि तो काढायला आधीची माहिती लागते.

तपासणीच्या मशीनचं उदाहरण घ्या. १०,००० भाग, त्यातले १०० खराब. मशीन खराब भागांतले ९९% पकडतं आणि चांगल्या भागांतल्या ५% ना चुकून खराब म्हणतं. म्हणजे ९९ खरे अलार्म आणि ४९५ खोटे. अलार्म वाजला तर भाग खराब असण्याची शक्यता ९९ भागिले ५९४, म्हणजे सहात एक. मशीन "९९% पकडणारं" असूनही. हे एकदा हाताने केलंत की पी-व्हॅल्यूबद्दल असं वाक्य परत लिहिणार नाही.

१४. आमच्या प्रोजेक्टमधे एकूण डेटात एक दिसतंय आणि गटवार केलं की बरोब्बर उलटं. डेटा खराब आहे का?

डेटा बहुतेक ठीक आहे, याला सिम्प्सनचा पॅराडॉक्स म्हणतात. प्रसिद्ध उदाहरण बर्कलेच्या १९७३ च्या ग्रॅज्युएट प्रवेशांचं आहे. एकूण आकड्यांत साधारण ४४% पुरुष अर्जदारांना प्रवेश आणि ३५% स्त्रियांना. डिपार्टमेंटनुसार पाहिलं तर तो कल टिकलाच नाही, उलट किंचित स्त्रियांच्या बाजूने होता, कारण ज्या डिपार्टमेंटमधे सगळ्यांनाच प्रवेश अवघड तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

मग एकूण खरं की गटवार? याला एक ठरलेलं उत्तर नाही. निर्णय ज्या पातळीवर घेतला जातो ती पातळी बघा. प्रवेश डिपार्टमेंट देतं, म्हणून तिथे डिपार्टमेंटनुसार बघणं योग्य. दोन्ही टेबलं रिपोर्टमधे द्या आणि कारण लिहा, यातला सोयीचा आकडा गुपचूप निवडू नका.

१५. एक्सेल पुरेल की पायथन शिकायलाच हवं?

पहिल्या वर्षी एक्सेल पुरतं. त्यात आत बसवलेला सॉल्व्हर २०० डिसिजन व्हेरिएबलपर्यंतच जातो, आणि ५ गोदामं आणि ५० दुकानं घेतलीत तर २५० तिथेच झाले. त्यामुळे प्रोजेक्टच्या वर्षी पायथन किंवा आर येणं बरं. पायथनमधे पल्प किंवा पायोमो या मॉडेल लिहायच्या लायब्ररी घ्या, दोन्ही फुकट. गुरोबी आणि सीप्लेक्स हे व्यावसायिक सॉल्व्हर आहेत, शिक्षणासाठी त्यांची मोफत लायसन्स मिळतात, युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून मागवा.

१६. फॉर्म्युलेशन चॅटबॉटकडून करून घेतलं तर चालेल?

परीक्षेचे आणि सबमिशनचे नियम तुमच्या कोर्सच्या हँडबुकात बघा, ते मी सांगू शकत नाही. कामाचं म्हणाल तर त्याने लिहिलेलं मॉडेल बहुतेकदा नीट दिसतं आणि एखादी अट हळूच बदललेली असते. ते पकडायचं कसं? हाताने उत्तर काढता येईल इतका छोटा डेटा घाला, तीन भाग, चार माणसं असा, आणि जुळतं का ते बघा. स्वतःला फॉर्म्युलेशन येत नसेल (प्रश्न ६) तर हे तपासताही येणार नाही, अडचण तिथे आहे.

१७. इंटिजरची अट घातल्यावर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (आकडे बदलले तर उत्तर किती बदलतं ते सांगणारा) गायब झाला. सॉफ्टवेअर बिघडलं का?

नाही, बरोबर वागतंय. शॅडो प्राइस म्हणजे उजवीकडचा आकडा थोडासा हलवल्यावर उत्तर किती हलतं ते (प्रश्न ९). पूर्णांकात उत्तर हळूहळू हलतच नाही, उड्या मारतं. प्रश्न ११ मधलं बजेट १४ चं १४.५ करा, काही बदलत नाही. १५ करा, आणि एकदम उत्तर ३ ए मशीन, फायदा २४. असल्या ठिकाणी "पर युनिट किंमत" सांगणं फसवं ठरतं. बजेट बदलून बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवा आणि टेबल द्या, तेच सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस.

१८. तोच मॉडेल, तोच डेटा, पण प्रत्येक वेळी सॉल्व्हर वेगळं ऑप्टिमम देतो. टोटलसुद्धा वेगळी!

टोटल तीच असती तर प्रश्न ७. टोटलही बदलत असेल तर मॉडेल बहुधा नॉनलिनियर (सरळ रेषेत न मावणारं) आहे आणि तुम्ही सुरुवातीचे आकडे वेगवेगळे ठेवताय. एक्सेलची जीआरजी पद्धत जिथून सुरू करता तिथून जवळची टेकडी चढते आणि वर पोचली की थांबते, शेजारी डोंगर आहे हे तिला दिसत नाही.

आधी बघा मॉडेल खरंच नॉनलिनियर असायला हवं का. कितीतरी वेळा एखाद्या सेलमधे इफ किंवा मॅक्स फंक्शन असतं, किंवा दोन व्हेरिएबलचा उगाच भागाकार, आणि तेवढ्यामुळे सगळं बिघडतं. "सरासरी ५ पेक्षा जास्त" ही अट भागाकाराने न लिहिता बेरीज करून लिहिली की लिनियर होते. इफची जागा बऱ्याचदा ०-१ व्हेरिएबल घेतो. ते होत नसेल तर मल्टिस्टार्ट (वेगवेगळ्या जागांहून सुरुवात करून बघणं) चालू करा, आणि रिपोर्टमधे "सापडलेलं सर्वात चांगलं" असं लिहा, "ऑप्टिमल" नको.

१९. मी दुसऱ्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स केलंय. परत करावं लागेल का?

मोठ्या युनिव्हर्सिटीत सूट मिळू शकते, पण ती कोर्सच्या नावावर मिळत नाही, मजकुरावर मिळते. अर्जासोबत आठवडानिहाय सिलॅबस, वापरलेलं पुस्तक, तासांची संख्या आणि ग्रेड लागते. "बिझनेस स्टॅटिस्टिक्स" नावाच्या कोर्समधे कुठे मल्टिपल रिग्रेशन असतं आणि कुठे मीन-मोड-मीडियनवर गाडी थांबते, म्हणून ते मागतात. जुन्या कॉलेजचा सिलॅबस वेबसाइटवरून कधीही उडतो, त्यामुळे आधीच डाउनलोड करून ठेवा.

आणि सूट मिळाली म्हणून घेतलीच पाहिजे असं नाही. पुढच्या टर्मला फोरकास्टिंग किंवा इकॉनोमेट्रिक्स असेल तर तिथल्या मागच्या वर्षीच्या पहिल्या दोन प्रॉब्लेम शीट मागून घ्या आणि न बघता सोडवा. सुटल्या तर सूट घ्या, नाही सुटल्या तर परत बसा वर्गात. एक अपवाद: काही प्रोग्रॅममधे सूट घेतली की तेवढे क्रेडिट्स दुसऱ्या इलेक्टिव्हने भरावे लागतात आणि काहींत एकूणच कमी होतात, त्याचा परिणाम स्कॉलरशिपच्या किमान क्रेडिट्सवर होऊ शकतो. फॉर्म भरायच्या आधी हे प्रोग्रॅम ऑफिसला ईमेलवर विचारा, तोंडी नको.